पर्णकुटीच्या दारातील पहारेकरी

पहाऱ्यावर नेमलेल्या मनुष्याची कसोटी शत्रू समोरून चालून येतो तेव्हा लागते, असा आपला सर्वसाधारण समज असतो; परंतु ज्यांनी पुष्कळ कथा वाचल्या आहेत आणि थोडेफार जग पाहिले आहे, त्यांना ठाऊक असते की शत्रूला अडविणे हे पहारेकऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या कामांपैकी सर्वांत सोपे काम होय. खरे संकट उभे राहते ते ज्याचे रक्षण करावयाचे तेच माणूस त्याच्यासमोर येऊन, डोळ्यांत पाणी आणून किंवा शब्दांत अंगार घेऊन, ‘ही जागा सोड’ असे सांगू लागते तेव्हा. कारण त्या क्षणी तलवार उपयोगाची नसते, ज्याने हुकूम दिला तो जवळ नसतो, आणि पाळावा तरी दोष व मोडावा तरी दोष अशा जागी तो एकटा पडतो.

जपानमध्ये निर्माण होणाऱ्या आणि आपल्याकडील तरुणांनी ‘अॅनिमे’ या मूळ नावासकट स्वीकारलेल्या चित्रमालिकांपैकी ज्या अधिक काळोख्या, अधिक गंभीर मानल्या जातात, त्यांमध्ये हा कोंडीत सापडलेला रक्षक वारंवार भेटतो. आमच्या नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत खानदेशातून आणि मराठवाड्यातून कामासाठी आलेली मुले रात्रपाळीच्या मधल्या सुटीत, जेवणाचा डबा संपवून, भ्रमणध्वनीच्या हाताएवढ्या पडद्यावर या मालिका एकाग्रतेने पाहताना दिसतात, आणि वडीलधारी मंडळी त्यांना विचारतात की दिवसभराच्या श्रमानंतर हा मृत्यूचा आणि अंधाराचा खेळ कशासाठी पाहावयाचा. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. मात्र ते उत्तर शोधण्यासाठी तोक्योपर्यंत जावे लागत नाही, अंबडपासून मुंबई–आग्रा महामार्गाने आठ-दहा किलोमीटरवर, गोदावरीच्या पलीकडे असलेल्या पंचवटीपर्यंत गेले तरी पुरे, असे माझे मत आहे.

प्रथम त्या परक्या कथेकडे पाहू. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ‘डेथ नोट’ ही चित्रकथा जपानमध्ये २००३ ते २००६ या काळात एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावरून ‘मॅडहाउस’ या चित्रशाळेने तेत्सुरो अराकी यांच्या दिग्दर्शनाखाली केलेली ३७ भागांची मालिका २००६ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन पुढील वर्षाच्या जूनमध्ये संपली. ज्या वहीत एखाद्याचे नाव, त्याचा चेहरा मनात आणून, लिहिले असता तो मनुष्य मरतो, अशी मृत्युदेवतांच्या लोकातील एक वही लाइट यागामी नावाच्या अतिशय बुद्धिमान विद्यार्थ्याच्या हाती पडते. गुन्हेगारांना नष्ट करून जग शुद्ध करण्याचे व्रत तो घेतो आणि पाहता पाहता स्वतःच सर्वांत मोठा गुन्हेगार होऊन बसतो. त्याचा माग काढणाऱ्या पोलीस पथकाचा प्रमुख असतो सोइचिरो यागामी, म्हणजे त्याचा जन्मदाता पिता.

सर्वांचे लक्ष त्या मुलाकडे आणि त्याला शोधणाऱ्या ‘एल’ नामक गुप्तहेराकडे जाते, हे स्वाभाविक आहे; तथापि माझ्या दृष्टीने या कथेचे वजन पेलतो तो हा पोक्त, सरळमार्गी, चष्मा लावणारा अधिकारी. मुलावर संशय येऊन त्याला कोठडीत ठेवण्याची वेळ येते तेव्हा हा पिता आपल्या पदाचा मुलाहिजा मागत नाही आणि मुलासाठी सवलतही मागत नाही. तो स्वतःलाही एका कोठडीत कोंडून घेतो. मुलाची परीक्षा म्हणून त्याला मोटारीतून निर्जन जागी नेऊन त्याच्यावर पिस्तूल रोखण्याचे भयंकर काम तो पत्करतो, ज्यात गोळी खरी नसते पण पित्याच्या कपाळावरचा घाम खरा असतो. पुढे त्याच्या मुलीचे अपहरण होते आणि तिच्या मोबदल्यात ती वही मागितली जाते, तेव्हा ज्या हत्याराचे रक्षण करणे हे त्याचे कर्तव्य तेच हत्यार तो अपहरणकर्त्यांच्या स्वाधीन करतो, कारण समोर उभी असते ती त्याची लेक. त्या चुकीचे परिमार्जन करण्यासाठी तो आपले उरलेले निम्मे आयुष्य देऊन मृत्युदेवतेची दृष्टी विकत घेतो, अपहरण करविणाऱ्या टोळीच्या सूत्रधाराचे खरे नाव त्याला दिसते, वही उघडी असते, लेखणी हातात असते, आणि तरीही जन्मभर कायद्याची चाकरी केलेला तो हात नाव पुरे करू शकत नाही. त्या विलंबात त्याला गोळ्या लागतात. मरताना त्या विकत घेतलेल्या दृष्टीने तो मुलाकडे पाहतो, मुलाचे आयुर्मान त्याला दिसते, वहीच्या स्वामीचे आयुर्मान या दृष्टीला दिसत नाही हा नियम त्याला ठाऊक असतो, आणि आपला मुलगा निर्दोष आहे अशा समाधानात तो प्राण सोडतो. मुलाने वहीवरील आपला हक्क तेवढ्यापुरता सोडून दिलेला असतो, ही गोष्ट त्याला कळत नाही. पित्याच्या मनाला अखेरची शांती मिळाली तीही असत्यातून मिळाली, याहून काळोखी कल्पना मला अलीकडच्या कथावाङ्मयात क्वचितच आढळली आहे.

याच कथेत दुसरी एक रक्षक आहे, ती माणूस नव्हे. रेम नावाची ही मृत्युदेवता मिसा नावाच्या एका तरुणीची पाठराखण करते. मृत्युदेवतांच्या लोकातील कायदा असा की, ज्या मानवावर आपला जीव जडला त्याचे आयुष्य वाढावे म्हणून जी देवता दुसऱ्या कोणाचे नाव लिहील तिचा तत्काळ अंत होईल. आणि गेलुस नावाच्या एका सहचर देवतेने याच मिसासाठी तसे करून आपला अंत ओढवून घेतलेला रेमने प्रत्यक्ष पाहिलेला असतो. लाइट यागामीला हे सर्व माहीत असते. मिसाचा गुन्हा उघडकीस येऊन तिला देहान्ताची शिक्षा होणार अशी परिस्थिती तो हेतुपुरस्सर रचतो, म्हणजे रेमला तिच्यासाठी नावे लिहावीच लागतील. रेमला त्याचा कावा कळतो, आपल्या प्रेमाचा शस्त्रासारखा वापर होत आहे हेही कळते, आणि ते कळूनही ती एलचे व त्याच्या वृद्ध सहायकाचे नाव लिहिते आणि क्षणार्धात धूळ होऊन जाते.

आता पंचवटीत येऊ. काळाराम मंदिराच्या जवळ पाच वडांच्या परिसरात सीतागुंफा म्हणून जे स्थान दाखविले जाते, तेथे पायऱ्या उतरताना उंच माणसाला मान खाली घालावी लागते, आणि पुढे तर जवळजवळ बसूनच सरकावे लागते. यात्रेकरूंची रांग एकमेकांच्या पाठीला हात लावून त्या दगडी वाटेने आत जाते. श्रद्धावंत मंडळी तेथे सीतेचे स्मरण करतात. मला मात्र तेथे नेहमी आठवण होते ती बाहेर उभ्या असलेल्या त्या पुरुषाची, ज्याच्यावर त्या दिवशी पहारा सोपविला होता.

वाल्मीकींनी आरण्यकांडात रंगविलेला तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण त्यातील तपशील बहुधा आपल्या हातून निसटून जातात. सुवर्णमृग दृष्टीस पडताच हा मारीच राक्षस आहे असे प्रथम ओळखून सांगतो तो लक्ष्मण. तरीही राम निघतो, आणि निघताना लक्ष्मणाला स्पष्ट आज्ञा करतो की जटायूसह येथे सावध राहून सीतेचे रक्षण कर. काही वेळाने रानातून रामाच्याच आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला मारलेली आर्त हाक ऐकू येते. सीता व्याकुळ होते. लक्ष्मण जागचा हलत नाही, कारण रामाला कोणी मारू शकेल यावर त्याचा विश्वास नाही आणि आज्ञा त्याच्या कानांत ताजी आहे. त्यानंतर सीता जे बोलते ते कीर्तनांतून आणि बालपुस्तकांतून पुष्कळ सौम्य करून सांगितले जाते. मुळात ती त्याला मित्राच्या वेषातील शत्रू म्हणते, रामाच्या मृत्यूची तू वाट पाहत आहेस आणि तुझा डोळा माझ्यावर आहे असे म्हणते, भरताने तुला पाठविले असेल असेही म्हणते, आणि अखेरीस, राम नसेल तर मी या गोदावरीत प्रवेश करीन असे निर्वाणीचे सांगते. हे शब्द क्रूर आहेत, परंतु ते दुष्टपणातून आलेले नाहीत, ही गोष्ट विसरता कामा नये. पतीचा प्राण संकटात आहे अशी खात्री झालेल्या स्त्रीच्या हाती त्या क्षणी शब्दांवाचून दुसरे साधन नव्हते, आणि जे होते ते तिने पूर्ण बळाने वापरले.

लक्ष्मण हात जोडतो. आपण मला देवतेच्या ठिकाणी आहात, आपल्याला उत्तर देण्याची माझी प्राज्ञा नाही, या अर्थाचे तो बोलतो, मी वडील भावाची आज्ञा पाळीत होतो याला वनातील सर्व प्राणी साक्षी असोत असे म्हणतो, वनदेवतांच्या हवाली तिला करतो, आणि निघतो. जाताना तो पुनःपुन्हा मागे वळून सीतेकडे पाहतो, एवढा एक बारीक तपशील वाल्मीकींनी नोंदविला आहे. जो मनुष्य आपण योग्य करीत आहोत अशा समजुतीने जातो तो मागे वळून पाहत नाही. आपल्या हातून आज्ञाभंग होत आहे आणि त्याचे फळ भयंकर असणार, हे पाऊल उचलण्यापूर्वी त्याला उमगलेले होते, म्हणूनच त्याची मान वळत राहिली.

येथे लक्ष्मणरेषेचा विचार करावयास हवा. वाल्मीकींच्या आरण्यकांडात ही रेषा नाही. ती पुढील काळातील रामकथांतून आली, आणि तुलसीदासांच्या रामचरितमानसातही तिचा उल्लेख आढळतो तो सीताहरणाच्या प्रसंगी नव्हे, लंकाकांडात मंदोदरीच्या तोंडी. लोकमानसाने ती रेषा का निर्माण केली असावी हे समजण्यासारखे आहे. रेषा आली म्हणजे रक्षक आपल्या मागे काही ठेवून गेला असे होते, त्याचा दोष हलका होतो, आणि पुढील अनर्थाची जबाबदारी ती ओलांडणाऱ्या स्त्रीच्या माथी सहज मारता येते. वाल्मीकींनी लक्ष्मणाला ही सोय दिली नाही आणि सीतेवर तो भारही टाकला नाही. त्यांची पर्णकुटी उघडी राहते, आणि वाटेत भेटलेला राम लक्ष्मणाला बोल लावतो तो असा की, रागावलेल्या स्त्रीच्या कठोर शब्दांमुळे तू निघून आलास आणि माझी आज्ञा मोडलीस, हे बरे केले नाहीस. या निवाड्यात मला अन्याय दिसतो. हुकूम देणारा त्या दारात उभा नव्हता. उभा होता तो लक्ष्मण.

जटायूची गोष्ट याहून निराळी. तोही सीतेच्या रक्षणाला वचनबद्ध होता. परंतु त्याच्यापुढे रावणाचा रथ आला तेव्हा कर्तव्य आणि स्नेह हे दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवीत होते, म्हणून तो वृद्ध पक्षी निःशंक मनाने तुटून पडला आणि पंख छाटले जाईपर्यंत लढला. आमच्याच जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे तो पडला असे मानतात, आणि तेथील कुंडाच्या पाण्याला लोक आजही हात जोडतात. जटायूच्या मरणाचे दुःख आहे, पण त्याच्या मनात दोन आवाज नव्हते, आणि म्हणून लक्ष्मणाचे दुःख मला अधिक खोल वाटते.

ही कोंडी केवळ पुराणातील किंवा चित्रातील आहे असे समजणाराने एकदा अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या देवडीवर पाळी बदलण्याच्या वेळी उभे राहावे. तेथे रखवालदाराच्या टेबलावर आवक-जावक नोंदवही असते, बाजूला गेटपासची चवड असते, आणि पासावाचून लोखंडाचा एक तुकडाही बाहेर जाऊ द्यावयाचा नाही अशी सक्त ताकीद असते. झडती घ्यावी लागते ती अनोळखी चोरांची क्वचितच; ती घ्यावी लागते आपल्याच गावाकडून आलेल्या, आपल्याच खोलीत राहणाऱ्या, कधीकाळी आपल्या आजारपणात आपल्या उशाशी बसलेल्या माणसाच्या डब्याची. त्या दोघांची नजर त्या वेळी एकमेकांना टाळते. तो रखवालदार घरी जाऊन ‘डेथ नोट’ पाहत असेल तर सोइचिरो यागामीची कथा त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पंचवटीची कथा आणि जपानी चित्रकला यांची गाठ प्रत्यक्षातही पडलेली आहे. युगो साको हे जपानी चित्रपटकार १९८३ साली प्रयागजवळ डॉ. ब्रजवासी लाल यांनी चालविलेल्या उत्खननावर अनुबोधपट करण्यासाठी भारतात आले. लाल यांनी त्या भागात उत्खनन केले ते शृंगवेरपूर येथे, म्हणजे जेथे वनवासाच्या आरंभी राम-सीता गवतावर निजली असता लक्ष्मण गुहासह रात्रभर जागत पहाऱ्यावर राहिला असे रामायण सांगते, त्याच भूमीवर. साकोंनी रामायणाचे जपानी अनुवाद मिळवून वाचले आणि ही कथा चित्रांतूनच सांगितली पाहिजे असा त्यांनी निश्चय केला. परदेशी माणसाने आपली देवकथा व्यंगचित्रासारखी काढावी यावर आपल्याकडे आक्षेप निघाले, सरकारी सहकार्य मिळाले नाही, तरी त्यांनी उमेद सोडली नाही; कोइची सासाकी आणि मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आयुष्याची पहिली उमेदवारी केलेले ज्येष्ठ चित्रकार राम मोहन यांच्यासह त्यांनी चित्रपट पुरा केला, वनराज भाटिया यांनी त्याला संगीत दिले, आणि ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ या नावाने तो १९९३ साली आपल्या देशाच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. चित्रपटगृहांतून तो देशभर लोकांसमोर आला तो मात्र २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे साको (निधन २०१२) आणि राम मोहन (निधन २०१९) हे दोघेही तो क्षण पाहावयास नसताना. हे लिहिताना मला खरोखर वाईट वाटते.

या संबंधात अंबडकरांनी आणखी एका नावाचे स्मरण ठेवावे. आमच्या वसाहतीच्या अगदी शेजारी, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक उभे आहे त्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली नाशिकला राहून ‘लंकादहन’ काढला, ज्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आणि त्याआधी दोनच वर्षे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगकाड्या एकेक चित्रचौकटीने हलवून त्यांना पडद्यावर चालविले होते. निर्जीव वस्तूत चित्राने प्राण घालण्याची विद्या या भूमीला परकी नाही.

साकोंचा चित्रपट रामाच्या विजयाने आणि अयोध्येच्या आनंदाने संपतो, आणि त्या चित्रपटाच्या प्रकृतीला ते योग्यच आहे. परंतु लक्ष्मणाच्या पहाऱ्याची कथा तेथे संपत नाही. तिचा दुसरा आणि अधिक काळोखा अर्धा भाग उत्तरकांडात आहे. साक्षात काळ तापसाच्या वेषाने रामाकडे येतो आणि एकांताची मागणी करतो. आमचे बोलणे चालू असता जो कोणी आत येईल त्याला मृत्यू, अशी अट घालतो. राम नेहमीच्या द्वारपालाला निरोप देऊन दारावर लक्ष्मणाला उभा करतो. पुन्हा एक दार, पुन्हा तोच हुकूम देणारा, पुन्हा तोच पहारेकरी. इतक्यात दुर्वास ऋषी येतात आणि या क्षणी रामाची भेट झाली नाही तर तुला, रामाला, भरताला, तुमच्या संततीला आणि या सर्व राज्याला शाप देईन असे बजावतात. पंचवटीत लक्ष्मणाला विचार करावयास सवड मिळाली नव्हती; येथे तो विचार करतो. सर्वांचा नाश होण्यापेक्षा माझे एकट्याचे मरण पत्करले, असा त्याचा हिशेब होतो, आणि तो आत जातो.

ऋषींना हवे असते ते जेवण. दीर्घ उपवासाचे पारणे करावयास ते आलेले असतात. ते तृप्त होऊन जातात, आणि राम आपल्या वचनाची आठवण होऊन खाली मान घालून बसतो. त्या वेळी रामाला धीर देतो तो लक्ष्मणच. माझ्याबद्दल शंका न बाळगता वचन पाळा, असे तो स्वतः सांगतो. वसिष्ठांच्या सल्ल्याने राम वधाऐवजी त्याचा त्याग करतो, सज्जनांच्या बाबतीत दोन्ही सारखेच असे म्हणून. आणि लक्ष्मण स्वतःच्या घरीसुद्धा न जाता थेट शरयूच्या तीरी जाऊन श्वास रोधतो.

रेमची धूळ आणि लक्ष्मणाचा रोधलेला श्वास यांत मला हाच भेद दिसतो की रेम ज्याच्या कारस्थानाने संपली त्याच्या चेहऱ्यावर विजयाचे हसू होते, आणि लक्ष्मणाने ज्याच्यासाठी प्राण दिला त्याचे जगणेच त्यानंतर थांबले. थोड्याच दिवसांत रामही त्याच शरयूत उतरला. सोइचिरोला सत्य न कळल्यामुळे शांती लाभली. लक्ष्मणाला दोन्ही वेळा सर्व सत्य कळले होते. म्हणून या तिघांत मी आमच्या पंचवटीच्या पहारेकऱ्याला श्रेष्ठ मानतो, आणि यात स्थानिक अभिमानाचा भाग नाही असे मनापासून सांगतो. रात्रपाळीत या मालिका पाहणाऱ्या तरुणांना माझी विनंती इतकीच की त्यांनी आरण्यकांडाचा पंचेचाळिसावा सर्ग आणि उत्तरकांडाचा शेवट मराठी अनुवादातून एकदा सावकाश वाचावा. आणि त्यांच्यापैकी ज्याच्या हातात पेन्सिल चालते, कारण अशी मुले सिडकोत आणि अंबड गावठाणात निश्चित आहेत, त्याने दुर्वासांपुढे दार अडवून उभ्या राहिलेल्या लक्ष्मणाचे चित्र काढावयास घ्यावे. माझ्या माहितीत ते अजून कोणी मनासारखे काढलेले नाही.